सातव्या टाचेपर्यंत

प्रिय मुंगे,

पुढचं अक्षरही वाचण्याआधी उठ. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लोकरीच्या कपड्यांमागे तू तुझा दम्याचा तपकिरी पंप टाकून दिला आहेस. तूच मला फोनवर ऐटीत सांगितलंस. तो काढ. त्यावरची तारीख बघ. उलटली असेल तर तुझ्या साहेबांना आत्ताच्या आत्ता चपला घालायला लाव आणि औषधाच्या दुकानात पाठव. उलटली नसेल तर नीट हलव, छाती रिकामी कर, तोंडाला लावून सावकाश ओढ आणि दहा आकडे होईपर्यंत धरून ठेव. डॉक्टरांनी जेवढे झुरके सांगितले होते तेवढेच. मग चूळ भर. हे पत्र घेऊन आलेले गृहस्थ तुझ्यासमोरच बसले असतील. दिसायला गरीब आहेत, पण तू पंप ओढल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढची पानं तुझ्या हाती द्यायची नाहीत, असं मी त्यांना बजावलंय.

पानं आली, म्हणजे ओढलास. आता खुशाल चीड. ‘हवालदार ती हवालदारच’ असं तू साहेबांकडे बघून म्हणत असशील, तेही मला इथे ऐकू येतंय. तुझ्यावर ओरडतेय, कारण ओरडले नाही तर रडेन, आणि रडले की माझा श्वास कसा अडकतो हे तू पाहिलं आहेस.

आज तुझा सव्विसावा दिवस. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोज एक रेघ मारते आणि रेघ मारताना माझी पाचावर धारण बसते. निळा पंप तू उशाशी ठेवतेस, कारण त्याने लगेच बरं वाटतं. तपकिरीने काहीच वाटत नाही, म्हणून तो तुला कधी आवडला नाही. त्यात स्टेरॉइड आहे हे कळल्यापासून तर तू त्याच्याकडे अंगावर पाल पडल्यासारखी बघतेस. अगं, तो नळ्यांच्या आतली सूज दाबून ठेवतो, रोज, न बोलता. बंद केला की त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी होत नाही, आठवडाभर होत नाही. माणूस म्हणतो, पाहा, उगीच घेत होते. आणि आत सूज चढत असते. मग साधी सर्दी होते, कुणीतरी शेजारी भिंतीला रंग काढतं, आणि नळ्या मिटतात. एकतीस वर्षं मी त्या मिटलेल्या नळ्यांपुढे बसले आहे. मला हे पुस्तकातून सांगावं लागत नाही.

तुला आपल्या शाळेचं मैदान आठवतं का? मला हल्ली रोज आठवतं. खेळाच्या तासाला सिस्टर गळ्यातली शिट्टी चाचपत यायच्या, आम्ही सगळ्या स्वेटर काढून तुझ्या मांडीवर फेकायचो आणि तू बाकावर त्या ढिगामागे बसायचीस. फक्त डोळे दिसायचे. तुला धावायची मनाई होती. मी वर्गाची मॉनिटर. हातात यादी, मनगटावर वडिलांचं जुनं घड्याळ, आणि गैरहजरांची नावं सिस्टरांना सांगताना होणारा तो आनंद. ‘हवालदार’ हे नाव तूच ठेवलंस. सगळ्या शाळेने उचललं. मला राग यायला हवा होता, पण मी आतून खूश झाले, हे तुला आज पहिल्यांदा सांगते. त्या मैदानावरच्या एका दुपारबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. तिकडे येते मी, जरा धीर धर. मलाही धरू दे.

इस्पितळातली फुप्फुसं मोजायची माझी खोली तू एकदाच पाहिलीस. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, खिडकी नसलेली. एक खुर्ची, भिंतीलगत बाक, एक यंत्र, पुठ्ठ्याच्या नळ्यांचं खोकं आणि नाकाला लावायचे चिमटे. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे तीन लिटरची मोठी पिचकारी यंत्रात ढकलून त्याने तीनच दाखवले का ते बघायचं. यंत्र खोटं बोलत नाही याची आधी खात्री करायची आणि मग माणसांकडे वळायचं, कारण माणसं बोलायचीच. नोकरीत राहायचं असलेले बसचालक बाहेरच्या स्वच्छतागृहात गुपचूप निळा पंप ओढून यायचे. ज्यांना हलकं काम हवं असायचं ते मांजराने दुधावर फुंकावं तसे फुंकायचे. मुलं तर वस्ताद. गालात हवा कोंडायची आणि जिभेने थुंकल्यासारखा झटका द्यायचा, की काटा चाळीस-पन्नासने टुणकन उडतो. त्यात फुप्फुसाचा काही संबंध नसतो. मी काट्याकडे बघतसुद्धा नसे, आवाजावरूनच ओळखायची. हे तुझे गाल झाले, बाळा, गालांची तपासणी खालच्या मजल्यावर, असं म्हणून पुन्हा फुंकायला लावायची. ‘फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका’ हा माझा आवाज जिन्यापर्यंत जायचा. एकतीस वर्षांत मला कुणी फसवलं नाही, अशी माझी ख्याती होती. निरोप समारंभात वरिष्ठांनी तेच सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मलाच हे दुखणं. आयुष्यात कधी सिगरेट हातात धरली नाही, कुणी शेजारी ओढायला लागलं तर जागा बदलली, आणि तरी माझ्या नळ्या आखडल्या, त्याही परत न फिरण्याच्या बेताने. ज्या पोराला मी यंत्र कसं लावायचं हे शिकवलं, तो आता डॉक्टर होऊन माझ्यासमोर बसतो आणि मला ‘मावशी’ म्हणून सांगतो की आता हे सांभाळत राहायचं. सांभाळायचं म्हणजे काय, हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माझी आई शेवटची तीन वर्षं खिडकीजवळच्या खुर्चीत बसून झोपली. आडवी झाली की बुडायची. नाकात नळी, बाजूला घरघरणारं यंत्र. न्हाणीघरापर्यंतची अकरा पावलं ती मोजून चालायची, आणि सहाव्या पावलावर भिंतीला हात लावून माझ्याकडे बघायची. बोलायला हवा उरत नसे, म्हणून नुसती बघायची. ती नजर मी कुणाला सांगितली नाही. मला कशाची भीती वाटते असं कुणी विचारलं तर मी झुरळ सांगते.

गेल्या वर्षी त्या पोराने मला फुंकून बघायची छोटी नळी दिली, रोज सकाळी औषधाआधी तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. आकडा दोनशे दहा. माझ्या उंचीच्या, वयाच्या बाईचा साडेतीनशेच्या घरात हवा. आणि म्हणाला, आणखी घसरलं तर रक्तातला ऑक्सिजन तपासू आणि घरी यंत्र लावायचा विचार करू. ‘यंत्र’ म्हणताना त्याने हाताने तेवढा आकार दाखवला. तो अगदी आईच्या यंत्राएवढा होता. त्याच दमात त्याने मला चीगाँग हा चिनी व्यायाम सुचवला. औषधांच्या सोबतीने, मावशी, औषधांच्या जागी नाही, असं दोनदा सांगितलं. दोनदा, मुंगे. हे लक्षात ठेव.

मी कशी भडकले होते ते तुला पत्रात लिहिलं होतंच. मी फुप्फुसं मोजण्यात आयुष्य घालवलेली बाई, आणि मला सांगतात चिनी पद्धतीने हात हलवा. गेले ते चूक काढायला. पियानो जुळवणाऱ्या माणसाच्या कारखान्यात वर्ग भरतो, यावरच मी अर्धा तास हसले. लाकडी जमीन, भिंतीला लागून सात-आठ पियानो, अंगावर चादरी पांघरून रांगेत आजारी बसल्यासारखे. सरस, लोकर आणि जुन्या लाकडाचा वास. शिकवायला सूरवाले स्वतः मोजेच घालून उभे. तरुणपणी त्यांची बोटं संधिवाताने वाकडी व्हायला लागली, तेव्हा एका गुरूंकडून त्यांनी हे घेतलं. बोटं सरळ झाली नाहीत, पण त्यांनी आणखी वीस वर्षं पियानो जुळवले. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं. आजार जाईल असं ते कधीच म्हणाले नाहीत. उलट गोळ्या घेतल्यात का, हे ते दारातच विचारतात, जसं आपल्या वेळी रुमाल आणलाय का विचारायचे.

प्रकार आठ. त्यांना म्हणे रेशमाचे आठ तुकडे म्हणतात. पहिल्यात दोन्ही हातांनी आभाळ पेलायचं. मला तेव्हा चहाची किटली पेलवत नव्हती. दुसऱ्यात धनुष्य ताणायचं. सगळं इतकं सावकाश की मला आधी वाटलं, हे लोक माझी गंमत करताहेत. श्वास ओढायचा नाही, येऊ द्यायचा. सोडतानाही ढकलायचा नाही. आयुष्यभर ‘फुंका, फुंका’ ओरडलेल्या बाईला सांगतात, फुंकू नका. शेवटच्या प्रकारात टाचा उचलायच्या, थांबायचं आणि जमिनीवर सोडायच्या, सात वेळा. बारा माणसांच्या टाचा एकदम पडल्या की लाकडी जमीन हलते आणि चादरींखालचे पियानो हुंकार भरतात. सगळे मिळून, अगदी हलके. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तुलाही आला होता, तू माझा हात दाबलास.

मला त्याचा उपयोग झाला, हे मी नाकारणार नाही. जिना चढताना मी आता मध्ये एकदाच थांबते. श्वास अडकला की पूर्वी मी खिडकीकडे धावायची आणि धावल्याने आणखी अडकायचा. आता गुडघे जरा सोडून उभी राहते, हातांत मोठा चेंडू धरल्यासारखे हात करते, निळा पंप ओढते आणि तो लागू पडेपर्यंत जिवाला म्हणते, बस जरा. हे खरं आहे. टपाल खात्यातून निवृत्त झालेली ती जाडजूड बाई आठवते? तिच्या साखरेच्या गोळ्या सुटल्या नाहीत, पण ती म्हणते, चार महिन्यांत भावजयीवर ओरडले नाही. एवढंच आहे चीगाँग. एवढं पुष्कळ आहे. मी याच्यावर समाधान मानायला हवं होतं.

आता तो कागद. तू आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आलीस आणि रोज माझ्यासोबत वर्गाला आलीस, तेव्हा तो भिंतीवर होता. आलेखाचा कागद, हिरव्या शाईत माझी रोजची टिंबं, जोडलेली. दोनशे दहा, दोनशे तीस, दोनशे साठ, मग तीनशे. मीच लावला होता. सूरवाल्यांना भिंतीवर काही चिकटवलेलं आवडत नाही, पण सगळ्यांना हुरूप येईल, असं मी म्हणाले आणि लावलाच. तू त्याच्यासमोर किती वेळ उभी होतीस. चष्मा काढलास, पुसलास, पुन्हा लावलास. मग म्हणालीस, तू सांगतेस म्हणजे खरंच असणार, तू कधी कुणाच्या बापालाही चुकीचा आकडा दिला नाहीस. त्याची नक्कल काढून नेलीस आणि फ्रिजवर लावलीस. मी दर महिन्याला पुढची टिंबं पाठवत राहिले. तू रोज सकाळी त्या कागदासमोर आठ प्रकार करत राहिलीस. आणि मग एक दिवस तुझा फोन आला, आनंदाने फुललेला. अठरा दिवस झाले म्हणालीस, तपकिरी बंद केलाय, कुणालाच सांगितलं नव्हतं, तुलाच पहिलं सांगतेय, आणि काही झालं नाही. मी ‘बरं’ म्हणाले. मुंगे, मी फक्त ‘बरं’ म्हणाले, दारावर कुणीतरी आलंय असं सांगितलं आणि फोन ठेवला. दारावर कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून मी तुझे शब्द मोजते. माझं कामच ते, माणूस एका श्वासात किती बोलतो ते ऐकायचं. त्या फोनवर तू सुनेची अख्खी तक्रार एका दमात सांगितलीस. चार दिवसांनी दहा-बारा शब्दांवर थांबत होतीस. परवा रविवारी सात. सात शब्द, मग एक छोटासा घोट घेतल्यासारखा श्वास, मग पुढे. मध्ये हसलीस तेव्हा खोकला आला आणि तू म्हणालीस, हवा बदललीय. मी काल साहेबांना फोन केला, तुला डॉक्टरकडे न्या म्हटलं. त्यांनी तुला विचारलं, आणि मागून तुझा आवाज मला आला: ‘तिला म्हणावं, तुझाच कागद बघ आधी.’ साहेब हसले. साहेबांना मी सूज सांगितली, सर्दी सांगितली, सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून.

काल वर्ग संपल्यावर मी मोजे बदलत बसले होते. सगळे गेले. सूरवाले खिडक्या लावत होते. माझ्याकडे पाठ ठेवूनच ते बोलले. “बाई, तुमचा कागद दर आठवड्याला वर चढतोय. पण टाचा टेकवताना तुमचा श्वास मला पाचव्यालाच तुटलेला ऐकू येतो. सुरुवातीला सातव्यापर्यंत पुरायचा.” मग वळून म्हणाले, “मला आकड्यांतलं कळत नाही. मला एवढंच ऐकू येतं.” मी त्यांच्यावर चिडले. तोंडाला येईल ते बोलले, तुम्ही लाकडाचे डॉक्टर, तुम्हाला काय समजतंय. ते ऐकून घेत राहिले. माझं बोलणं संपलं नाही, हवा संपली. तेव्हा त्यांनी एका पियानोवरची चादर बाजूला करून मला त्याच्या बाकावर बसवलं, आणि मी त्यांना सांगितलं. ऐकून त्यांनी भिंतीवरचा कागद उतरवला, टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या. एवढंच विचारलं, “हा अजून कुणाच्या भिंतीवर आहे?”

म्हणून हे पत्र, सूरवाल्यांच्याच हाती. तो कागद खोटा आहे, मुंगे. पहिले नऊ दिवस खरे, पुढचे सगळे खोटे. दहाव्या सकाळी आकडा एकशे पंच्याण्णव आला आणि मला आई दिसली, सहाव्या पावलावरची. पुन्हा फुंकताना खोकला आला, गाल फुगले, जिभेचा झटका बसला आणि काटा दोनशे तीसवर गेला. मला आवाजावरूनच कळलं. एकतीस वर्षं तोच आवाज पकडत आले होते. तरी मी दोनशे तीस लिहिलं, हिरव्या शाईत. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली कसं यायचं? मग मी रोज आधी निळा पंप ओढायची आणि मग मुलांसारखी गालांनी थुंकायची. मला कुणाला फसवायचं नव्हतं. मला फक्त ते यंत्र घरात यायला नको होतं. आज सकाळी मी सूरवाल्यांसमोर औषधाआधी तीनदा खरं फुंकले. त्यांनी त्यांच्या वाकड्या बोटांनी आकडे लिहिले, तो कागद सोबत आहे: एकशे ऐंशी, एकशे नव्वद, एकशे पंच्याऐंशी. फ्रिजवर तो लाव. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘चल गं, काहीतरीच’ म्हणाली असतीस, आणि मी लगेच ‘हो गं, काहीतरीच’ म्हणून सुटले असते. मला सुटायची सवय आहे. त्या दुपारी मैदानावर सिस्टर आत गेल्या होत्या, शिट्टी माझ्याकडे होती. मी तुझ्या मांडीवरचे स्वेटर खाली टाकले, नाटक पुरे म्हटलं, आणि तुला दोन फेऱ्या पळायला लावलं. दुसऱ्या फेरीत तू गवतावर पडलीस, ओठ निळे. शुद्धीवर आल्यावर सिस्टरांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, “मीच पळाले, हवालदार नको म्हणत होती.” मी तिथेच उभी होते आणि मी मान डोलावली. सत्तावन्न वर्षं झाली, मी ती मान अजून डोलावतेय. आज साहेबांसोबत डॉक्टरकडे जा आणि त्यांना किती दिवस बंद होता ते खरं सांग. निळ्याने भागलं नाही, वाक्य पुरं होईना, ओठांचा रंग बदलला, तर डॉक्टरची वाट बघू नका, सरळ इस्पितळात जा. पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला माझी तपासणी आहे, माझ्याच खोलीत, माझ्याच यंत्रावर. मी शिकवलेली मुलगी मला फुंकायला लावेल आणि नंतर तो पोरगा यंत्राबद्दल बोलेल. मी फार घाबरले आहे. तोवर तुझी छाती मोकळी झाली आणि तुझ्या डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, तर ये. तिथे भिंतीलगत एक बाक आहे. माझा स्वेटर मांडीवर घेऊन त्यावर बस, आणि मी गाल फुगवले तर सगळ्यांसमोर सांग. या वेळी पळायची पाळी माझी आहे. तुला मी बाकावरून उठवणार नाही.

तुझीच, आणि तुझ्या फोनची वाट बघत बसलेली,
हवालदार